ओकोनोमियाकी आतून गिचका राहते, उलटताना मोडते: काय काय तपासायचं

ओसाकाजवळ राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोणाचा तरी फोन नाहीतर फोटो येतोच, कधी इथल्याच मराठी ग्रुपमधून, कधी टोकियोहून, कधी जपानातून पुण्याला परत गेलेल्या मैत्रिणीकडून, आणि तक्रार बहुतेक एकच असते, ओकोनोमियाकीची, म्हणजे कोबी घातलेल्या जाड जपानी धिरड्याची, की ताई, दुकानात खाल्ली तेव्हा किती हलकी होती आणि घरी केली की आत नुसतं पीठ लागतंय. पहिली दोन वर्षं मी पण हेच भोगलंय. आता घरी आठवड्यातून एकदा तरी होतेच, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमात एका दिवसात चाळीस-पन्नास केल्यात, त्यामुळे कुठे बिघडतं ते हाताला कळतं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा दोष पाण्याचा असतो, म्हणजे कोबीतून सुटलेलं पाणी, पिठात जास्त पडलेलं पाणी आणि आत कोंडलेली वाफ. नवीन हॉटप्लेट (टेबलावरचा विजेचा सपाट तवा) घ्यायला निघाला असाल तर थांबा, आधी हे सगळं बघून घ्या.

हे सगळं ओसाकाच्या पद्धतीबद्दल लिहितेय, जिच्यात कोबी, पीठ, अंडं एकत्र कालवून भाजतात. हिरोशिमाची पद्धत वेगळी आहे, तिथे खाली पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग, मग नूडल्स आणि अंडं असे थर लावतात आणि काही दुकानांत वरून उलथन्याने दाबतात सुद्धा. बरेच जण तो व्हिडिओ बघतात आणि इकडे दाबत बसतात, तिथूनच घोळ सुरू होतो.

आधी लक्षणं बघा

बाहेरून रंग छान आलाय पण मधे कापलं की पांढरट, सुरीला चिकटणारा गोळा: कोबी, कालवणं आणि वेळ, ह्या तिन्ही गोष्टी तपासा.

उलटताना मधून दोन तुकडे होतात किंवा कोबी बाहेर सांडतो: घाई झालीय, नाहीतर आकार मोठा झालाय, नाहीतर कोबी फार मोठा चिरलाय.

भाजताना कडेने पाणी सुटतं, चर्र आवाज येतच नाही, नुसती वाफ येत राहते: कोबी ओला आहे किंवा प्लेट तापलेली नाही.

शिजलीय पण घट्ट, रबरासारखी, दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठासारखी: जास्त ढवळलंय किंवा दाबलंय, किंवा दोन्ही.

पहिली चांगली झाली आणि तिसरी-चौथी बिघडली: कालवलेलं मिश्रण उभं राहून त्याला पाणी सुटलंय, ह्यात शंका नको.

कडा कच्च्या आणि मधे जळकी: तवा आणि शेगडी एकमेकांना जुळत नाहीयेत.

प्लेट तापतच नाही, मधेच बंद पडते, घरातली वीज जाते: हे सगळ्यात शेवटी लिहिलंय, पण तुमचं लक्षण हेच असेल तर सरळ खाली जा आणि तोवर प्लेट लावू नका.

१. दाबणं बंद करा (फुकट)

हा उपाय पहिला, कारण ह्याला पैसे लागत नाहीत आणि आपल्या मराठी हाताला हीच सवय सगळ्यात पक्की बसलेली असते. थालीपीठ थापायचं, धिरडं उलथन्याने दाबून कड खरपूस करायची, हे आपण लहानपणापासून बघितलंय आणि तिथे ते बरोबरच आहे. ओकोनोमियाकीत कोबीच्या तुकड्यांमधे ज्या पोकळ्या राहतात त्यातून गरम वाफ फिरते आणि तीच वाफ आतला कोबी शिजवते. दाबलं की पोकळ्या बंद, वाफ आतच अडकते, पीठ एकमेकांना चिकटतं आणि जो गिचका होतो तो मग कितीही वेळ भाजला तरी सुटत नाही. आमच्या स्टेशनजवळ एक छोटं दुकान होतं, तिथल्या आजींनी माझ्या हातातलं उलथनं धरून सांगितलं होतं, सावात्तारा आकान, म्हणजे हात लावायचा नाही, आणि त्या दिवशी मी टेबलावर हात बांधून बसले आणि पहिल्यांदा माझ्या समोरची ओकोनोमियाकी नीट फुगली.

पुढच्या वेळी फक्त एवढंच बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. फरक पडला तर पुढचं वाचायची गरज पण नाही.

२. वेळ आणि दिवा (हेही फुकट)

हॉटप्लेट २०० अंशांवर ठेवायची आणि तापल्याचा दिवा एकदा विझेपर्यंत थांबायचं. दिवा विझणं म्हणजे प्लेट ठरलेल्या तापमानाला पोचली, पुढे तो लागत-विझत राहतो ते चालतं. बरेच जण प्लेट लावून दोन मिनिटांत पीठ ओततात, मग खालचा थर भाजण्याऐवजी उकडतो आणि प्लेटला धरून बसतो. तव्यावर करत असाल तर ओल्या हाताने चार थेंब शिंपडा, थेंब पडल्या पडल्या चुरचुरून उडून गेले पाहिजेत, पसरून बसले तर अजून थांबा.

माझं घड्याळ असं आहे: पहिली बाजू ३ मिनिटं, उलटून ५ मिनिटं, परत उलटून २ मिनिटं. जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास धरलीय. झाकणाबद्दल लोकांमधे मतभेद आहेत, मी पहिल्या बाजूला ठेवत नाही, दुसऱ्या बाजूला पहिली तीन मिनिटं ठेवते म्हणजे मधला भाग शिजतो, आणि मग काढून टाकते, नाहीतर झाकणाचं पाणी परत त्याच्यावरच पडतं. शेवटची दोन मिनिटं कायम उघडी.

एकावेळी चार टाकू नका. थंड मिश्रण पडलं की प्लेटचं तापमान एकदम खाली येतं. दोन टाका, दिवा परत विझू द्या, मग पुढच्या दोन.

३. कोबी (फुकट, फक्त अर्धा तास आधी उठावं लागतं)

खरं दुखणं बहुतेक इथे असतं. कोबीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यात आपण वरून धुतलेलं पाणी घेऊन जातो. पुण्याच्या मैत्रिणीचं मी तीन वेळा फोनवर सगळं तपासलं, प्रमाण बरोबर, वेळ बरोबर, तरी आत पाणी पाणी. शेवटी व्हिडिओ कॉल लावून तिला पहिल्यापासून करायला सांगितलं तेव्हा कळलं की ती कोबी चिरून मग मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते. आपल्याकडे अळ्यांच्या भीतीने सगळेच असं करतात आणि त्यात चूक काही नाही, पण चिरलेला कोबी मिठाच्या पाण्यात ठेवला की कापलेल्या कडेतून मीठ आत शिरतं, पानं मऊ पडतात आणि नंतर पिठात गेल्यावर गळत राहतात. त्यामुळे ते करायचंच असेल तर अख्खी पानं सुटी करून बुडवा, साध्या पाण्यातून काढा, एकेक पान फडक्याने पुसा आणि मग चिरा. चिरल्यावर ताटात पसरून पंख्याखाली किंवा फ्रिजमधे उघडा अर्धा तास ठेवा. हाताला कोरडा लागला पाहिजे, मुठीत धरून सोडला तर तळहातावर ओल राहता कामा नये.

मीठ चोळून पिळून घेऊ का असं खूप जण विचारतात, कोशिंबिरीसारखं. नको. पाणी निघेल पण कोबीचा कडकपणा पण जाईल, आणि त्या कडकपणावरच आतल्या पोकळ्या उभ्या असतात. पिठात पण मीठ चिमूटभरच, कारण दाशी (मासा-शेवाळाचं जपानी सार), सॉस, लाल आलं सगळंच खारट असतं. दुसरं म्हणजे मीठ जितकं जास्त तितकं मिश्रण लवकर पाणी सोडतं.

चिरायचा कसा तेही महत्त्वाचं. भजीला किंवा कोशिंबिरीला चिरतो तसा केसासारखा बारीक चिरला तर तो एकमेकांवर दडपून बसतो आणि पाणीही जास्त सुटतं. मोठे चौकोनी तुकडे ठेवले तर पीठ त्यांना धरून ठेवू शकत नाही आणि उलटताना सगळं सांडतं. मी अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास रुंद आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या पट्ट्या ठेवते. मधली जाड शीर वेगळी काढून ती मात्र एकदम बारीक, नाहीतर ती कच्चीच राहते आणि पान शिजून जातं.

आणि मोसम बघा. इथे मार्च ते मेमधे हारु क्याबेत्सु येतो, वसंतातला कोबी, सैल पानांचा, गोड, रसदार. सॅलडला फार छान लागतो, पण ओकोनोमियाकीत तो हिवाळ्यातल्या घट्ट गड्ड्यापेक्षा लवकर पाणी सोडतो. दरवर्षी एप्रिलमधे मला जास्त फोन येतात आणि लोक म्हणतात गेल्या महिन्यापर्यंत तर नीट होत होती, काही बदललं नाही. कोबी बदललाय! त्या दिवसांत पिठातली दाशी एक-दोन चमचे कमी करा आणि चिरलेला कोबी जास्त वेळ सुकवा, बाकी काही करू नका.

४. कालवणं (फुकट)

ओसाकात दुकानात बसलात तर बघा, प्रत्येकाचं मिश्रण वेगळ्या छोट्या स्टीलच्या वाडग्यात येतं. वाडग्यात खाली पीठ, वर कोबीचा डोंगर, त्यावर अंडं, आणि ते तिथेच, प्लेटवर टाकायच्या क्षणी कालवतात. ती पद्धत दिसायला छान म्हणून आलेली नाही. कोबी आणि पीठ एकत्र आलं की घड्याळ सुरू झालं असं समजा, दहा-पंधरा मिनिटांत तळाला पाणी दिसायला लागतं. आपण घरी काय करतो, सहा जणांचं एका मोठ्या पातेल्यात कालवून ठेवतो आणि एकेक डाव घालत जातो, म्हणून पहिल्या दोन चांगल्या होतात आणि जो बिचारा शेवटी जेवायला बसतो त्याच्या ताटात गिचका येतो, आणि आपल्या घरांमधे शेवटी बसणारी कोण असते ते सांगायला नको.

मी काय करते: पीठ, दाशी आणि किसलेला कंद (नागाइमो, त्याच्याबद्दल सातव्या भागात) एवढंच आधी कालवून फ्रिजमधे तासभर ठेवते. पीठ नीट भिजतं, ढवळल्यामुळे आलेला ताण सैल पडतो. कोबी वेगळ्या ताटात. प्लेट तापल्यावर एकेका माणसाचं पीठ वाडग्यात घ्यायचं, कोबी, अंडं, तेनकासु (तळलेल्या पिठाची चुरी), आलं घालायचं, आणि चमच्याने खालून वर असं दहा-बारा वेळा उचलायचं, गोल गोल घोटायचं नाही. वाडगं थोडं तिरकं धरा म्हणजे हवा आत जाते. अंड्याचा पिवळा पट्टा कुठे कुठे दिसत असतानाच थांबा. एकसारखं झालं म्हणजे जास्त झालं. गव्हाचं पीठ ओलं करून घोटलं की चिवट होतं हे पोळीची कणीक मळणाऱ्या कोणालाही माहितीय, इथे नेमका तोच चिवटपणा नकोय.

५. प्रमाण (साधा वजनकाटा पुरतो)

अंदाजाने करायची आपली सवय चांगलीच आहे, पण बिघडत असेल तर एकदा मोजून बघा. एका माणसाला पीठ (मैदा) ५० ग्रॅम, दाशी ५० मिली, कोबी १५० ग्रॅम, अंडं एक, किसलेला नागाइमो २५-३० ग्रॅम, तेनकासु मूठभर. म्हणजे कोबी पिठाच्या तिप्पट. ज्यांच्याकडे बिघडते त्यांच्या फोटोत मला कायम उलटं दिसतं, पीठ भरपूर आणि कोबी भज्यातल्या कांद्याएवढा. वाडग्यात बघितल्यावर असं वाटलं पाहिजे की एवढ्याशा पिठाने एवढा कोबी कसा धरणार, मग ते बरोबर आहे. पीठ धिरड्यासारखं वाहतं नको, चमच्यावरून जाडसर पट्टीसारखं सावकाश पडायला हवं.

६. आकार आणि उलटणं (दोनशे वीस येन)

जे एका झटक्यात उलटायला जमतं तेवढंच मोठं करा. पंधरा-सोळा सेंटीमीटर व्यास पुरे. शंभर येनच्या दुकानात, म्हणजे टॅक्स धरून ११० येनला, उलथनी मिळतात, ती दोन घ्या. कोटिंग असलेल्या प्लेटवर नायलॉनची, लोखंडी तव्यावर धातूची. धातूच्या कोतेने (ओकोनोमियाकीच्या छोट्या उलथन्याने) कोटिंगवर कापलं की चरे पडतात आणि मग तिथेच दर वेळी चिकटतं.

उलटायच्या आधी एका उलथन्याने कडेला हळूच ढकलून बघा, अख्खी चकती सरकली तर खाली कवच तयार झालंय. नाही सरकली तर अजून मिनिटभर, खरवडून सोडवायची नाही. मग दोन्ही उलथनी समोरासमोर मधेपर्यंत सरकवायची आणि फार उंच न उचलता, प्लेटच्या जवळूनच, मनगट फिरवून आपल्याकडे पालथी करायची. भीती वाटते त्यांनी ताट पालथं घालून तवाच उलटा करावा, मग ताटावरून परत सरकवावी, त्यात कमीपणा नाही. तुटलीच तर तुकडे लगेच एकमेकांजवळ ढकलून गोल करा आणि हात काढा, अंडं शिजताना बरंचसं जोडून घेतं.

डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, बुताबारा, ह्या मिश्रण प्लेटवर टाकल्यावर वरून पसरायच्या, मग उलटलं की त्या खाली जातात आणि त्यांच्या चरबीत ती बाजू खरपूस होते. पट्ट्या कागदासारख्या पातळ घ्या, जाड तुकडे घेऊन कच्चे ठेवू नका. मांस गुलाबी दिसत असेल तर परत प्लेटवर, ह्यात तडजोड नाही. जपानने २०१५ पासून डुकराचं मांस आणि कलेजी कच्चं खायला म्हणून विकायला-वाढायला बंदी घातलीय, आणि आतपर्यंत ७५ अंशांवर एक मिनिट शिजलेलं असावं हा साधा हिशेब आहे.

शाकाहारी मंडळींसाठी दोन गोष्टी. नेहमीच्या दाशीत कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेला मासा असतो, ओकोनोमियाकीच्या तयार पिठातही बहुतेक वेळा असतो, त्यामुळे साधा मैदा घ्या आणि कोम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) नाहीतर वाळलेले शिताके मशरूम रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी वापरा. आणि चरबी नसल्यामुळे कड मऊ राहते, तर उलटताना खाली आणखी एक चमचा तेल सोडा. मक्याचे दाणे, चीज, मोचीचे (तांदळाच्या चिकट वडीचे) बारीक काप घातले तरी मस्त लागते. अंडं खात नसाल तर कंद दुप्पट, दाशी कमी, आणि आकार तळहाताएवढाच ठेवा.

७. कंद, तेनकासु, पिठाचा डबा (थोडे पैसे, थोडी काळजी)

नागाइमो किंवा यामाइमो हा कंद किसला की जो चिकट फेस होतो तो हवा धरून ठेवतो, म्हणून दुकानातली हलकी लागते. नागाइमोत पाणी जास्त असतं, यामातोइमो घट्ट असतो, त्यामुळे नागाइमो घेतला तर दाशी थोडी कमी. किसताना हात खाजतो तो अळू-सुरणासारखाच प्रकार, टोकदार कॅल्शियम ऑक्झलेटमुळे, व्हिनेगरच्या पाण्याने हात धुवा. महाराष्ट्रात हा कंद मिळत नाही तेव्हा पाव चमचा बेकिंग पावडर आणि जरा कमी पाणी, एवढ्यावर भागतं. तेनकासु म्हणजे तेंपुरा तळताना उडालेली चुरी, ती ओल शोषते आणि पोकळी धरते, ती नसेल तर मैद्याच्या पातळ पिठाचे थेंब तेलात पाडून तळा, नाहीतर बिनमिठाची बारीक बुंदी घाला, मी पुण्याला गेले की बुंदीच वापरते.

आता डब्याचं, हे नीट वाचा. ओकोनोमियाकीचं तयार पीठ उघडून तसंच कपाटात ठेवू नका. त्यात दाशीची पूड असते आणि ती धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना फार आवडते. जपानच्या दमट उन्हाळ्यात उघड्या पाकिटात ते हजारोंनी वाढतात, डोळ्याला काहीच दिसत नाही, आणि ज्यांना त्यांची अॅलर्जी आहे त्यांना अशा पिठाची ओकोनोमियाकी खाल्ल्यावर अंगावर गांधी, सूज, दम लागणं असं होऊ शकतं. इथले डॉक्टर ह्याला पॅनकेक सिंड्रोम म्हणतात. नीट भाजली म्हणून धोका जात नाही, कारण अॅलर्जी करणारा भाग उष्णतेने नष्ट होत नाही. पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमधे, आणि लवकर संपवा. कधी उघडलं ते आठवत नसेल तर टाकून द्या. मी झाकणावर पट्टी लावून तारीख लिहिते.

आणि खाल्ल्यावर कोणाला श्वास घ्यायला त्रास, ओठ-जीभ सुजणं, चक्कर असं झालं तर थोडा वेळ बघू असं करू नका, जपानात ११९, भारतात १०८ किंवा ११२. घरगुती उपायांची ही वेळ नव्हे.

८. तवा आणि शेगडी

भारतातून आणलेला लोखंडी तवा खोलगट असतो, आयएच (इंडक्शन) शेगडीला तो फक्त मधे टेकतो, त्यामुळे मधे जळतं आणि कडा कच्च्या. सपाट बुडाचा तवा घ्या. अॅल्युमिनियमचा तर साध्या आयएचवर तापणारच नाही. गॅसवर करत असाल तर इथल्या शेगड्यांच्या बर्नरमधे, मधोमध तव्याच्या बुडाला टेकणारा सेन्सर असतो, बूड फार तापलं की तो आपोआप ज्योत बारीक करतो. लोकांना वाटतं शेगडी बिघडली. ती बिघडलेली नसते, तुम्ही रिकामा तवा जास्त वेळ तापत ठेवलाय. मध्यम आचेवर ठेवा आणि आधीच तेल लावा. सेन्सरवर टोपी चढवणं, त्याला दाबून ठेवणं असले उद्योग करू नका, आगीपासून वाचवायला तो बसवलाय.

टेबलावरच्या कॅसेट शेगडीवर मोठी लोखंडी पाटी कधीच ठेवू नका. पाटी बाजूच्या गॅसच्या डब्यावर येते, खालची उष्णता डब्यावर परावर्तित होते आणि डबा फुटू शकतो. दोन शेगड्या शेजारी लावून एक लांब पाटी ठेवणं तर अजिबात नाही, हनामीला (चेरीचा बहर बघायच्या सहलीला) लोक हे करताना मी बघितलंय आणि जाऊन थांबवलंय.

गॅसचा वास आला तर तिथेच थांबा. नळ बंद, खिडक्या उघड्या, विजेचं एकही बटण दाबायचं नाही, पंखा पण नाही, आणि बाहेर जाऊन गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरला फोन.

९. हॉटप्लेट: इथे किती बघायचं आणि कुठे थांबायचं

घरची हॉटप्लेट साधारण १३०० वॅटची असते. जपानात वीज १०० व्होल्ट, म्हणजे एकटी प्लेट १३ अँपिअर घेते. त्याच सर्किटवर किटली लावली की आणखी १२, झाले २५, आणि एका सर्किटची मर्यादा बहुतेक घरांत २० असते. म्हणून ब्रेकर पडतो. प्लेट भिंतीतल्या सॉकेटमधे एकटी लावा, किटली-मायक्रोवेव्ह दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर किंवा नंतर. एक्स्टेन्शन लागलंच तर १५०० वॅटचं, पूर्ण उलगडलेलं, गुंडाळी करून ठेवलेली वायर तापते.

प्लेट मधेच बंद पडत असेल तर आधी वायरचं प्लेटला चिकटणारं चुंबकाचं टोक बघा. तिथे पिठाचा, सॉसचा थेंब वाळलेला असतो आणि नीट टेकत नाही. प्लग भिंतीतून काढून, पूर्ण गार झाल्यावर, कोरड्या कपड्याने पुसा. माझ्याकडे फोटो आलेल्या पाच-सहा प्लेट एवढ्यानेच सुरू झाल्या. वरची प्लेट धुतली असेल तर खालच्या हीटरवर पाणी नाही ना ते बघून, पूर्ण वाळवूनच लावा.

ह्यापुढे आपण काही करायचं नाही. एकटी प्लेट लावूनही ब्रेकर पडतोय, वीजगळतीचा ब्रेकर पडतोय, चुंबकाचं टोक किंवा प्लग काळा पडलाय, वायर हाताला गरम लागतेय, जळका वास येतोय, दिवा विझतच नाही आणि प्लेट तापतच राहते, ह्यातलं एक जरी असलं तरी प्लग काढा आणि परत लावू नका. खालचे स्क्रू उघडून थर्मोस्टॅट बघणं हे आपलं काम नाही, मी अकरा वर्षांत एकदाही उघडलेली नाही. दुसऱ्या कंपनीची वायर आणून लावू नका, टोक बसलं तरी आत जुळेलच असं नाही. कंपनीच्या ग्राहक केंद्राला किंवा जिथून घेतली त्या दुकानाला विचारा. दुसरी वस्तू लावूनही तोच ब्रेकर पडत असेल तर दोष भिंतीतला आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा, भाड्याच्या घरात असाल तर आधी घरमालकाला किंवा एजन्सीला कळवा.

परत भारतात जाणाऱ्यांनी इथली प्लेट थेट २३० व्होल्टवर लावू नये. व्होल्ट २.३ पट झाले की हीटरवर पाचपटीहून जास्त शक्ती येते, १३०० वॅटची प्लेट जवळपास ६९०० वॅट ओढायला बघते, म्हणजे फ्यूज उडणं, हीटर जळणं किंवा आग. १५०० वॅटचा चांगला ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो जड आणि महाग पडतो, त्यापेक्षा तिथे जाऊन सपाट बिडाचा तवा घ्या, त्यावर माझ्या मैत्रिणीची आता इथल्यापेक्षा चांगली होते.

दुरुस्तीला फोन करणार असाल तर मॉडेल नंबर प्लेटच्या खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. प्लेट गार असताना, वरची प्लेट आणि वायर काढून, उलटी करून तो फोटो काढून ठेवा, पलीकडचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.